नारा येथील तोदाईजीचं काइदान-इन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानमधल्या नारा शहरात तोदाईजी हे मोठ्या बुद्धमूर्तीसाठी प्रसिद्ध असलेलं विहार आहे. त्या मूर्तीच्या मंदिराच्या पश्चिमेला, जरा बाजूला, भिक्खूंना उपसंपदा (पूर्ण भिक्खू होण्याची दीक्षा) देण्याची जागा आहे: काइदान-इन. तिच्याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा दिलेलं नाही, त्याऐवजी संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. काइदान-इन म्हणजे नेमकं काय? मंदिर, विहार की मठ?

यातलं काहीच नाही. जपानीत ‘काइ’ म्हणजे शील आणि ‘दान’ म्हणजे ओटा, चौथरा. काइदान हा शील देण्याचा ओटा, काइदान-दो हे त्या ओट्यावर उभारलेलं सभागृह, आणि काइदान-इन हा त्याभोवतीचा सगळा आवार. पूर्वी या आवारात प्रवचनाचं सभागृह होतं, भिक्खूंच्या खोल्या होत्या, चहूबाजूंनी पडव्या होत्या. आज पाहायला मिळतं ते मुख्यतः काइदान-दो.

महत्त्वाचा आहे तो ओटा. वरची इमारत त्याला ऊन-पावसापासून राखते, एवढंच तिचं काम. हे लक्षात राहिलं की पुढची बरीच उत्तरं सोपी होतात.

उच्चाराचा एक घोळ होतो. ‘काइदान’ हाच उच्चार जपानीत जिन्यालाही आहे आणि भुताच्या गोष्टीलाही. लिपीतली चिन्हं मात्र वेगळी. नुसतं ‘काइदान कुठे आहे’ असं विचारलंत आणि कुणी जिना दाखवला तर त्याची चूक नाही. ‘तोदाईजी काइदान-इन’ असं पूर्ण नाव घ्यावं.

२. उपसंपदेला वेगळी इमारत कशाला? बुद्धांनी तर ‘ये भिक्खू’ एवढंच म्हणून दीक्षा दिली होती.

सुरुवातीला तसंच होतं. संघ वाढला, तसा अधिकार एका व्यक्तीकडून संघाकडे आला आणि उपसंपदा हे संघाचं कर्म, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायचा औपचारिक विधी, झालं. आता संघाने एकमताने निर्णय घ्यायचा, तर ‘संघ’ म्हणजे त्या क्षणी नेमके कोण, हे आधी ठरायला हवं. त्यासाठी विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमसंहितेत, सीमा आहे. सीमेच्या आत जेवढे भिक्खू असतील, त्या सगळ्यांनी त्या कर्माला हजर राहायचं किंवा आपली संमती कळवायची. एकजण जरी सीमेत असून बाहेर राहिला, तरी कर्म सदोष.

गावाएवढी मोठी सीमा असेल तर प्रत्येकाला गोळा करणं अवघड. म्हणून उपसंपदेसाठी छोटी, डोळ्यांसमोर मावेल अशी सीमा आखण्याची रीत पडली. थायलंड-म्यानमारमध्ये सभागृहाभोवती सीमाशिळा रोवतात. चीन-जपानमध्ये तेच काम उंच ओट्यावर सोपवलं. वर बसला तो आत, खाली उभा तो बाहेर. इमारत अजिबात नसली तरी चालतं. सीमा नसली तर चालत नाही.

३. मग अजिंठा-वेरूळला किंवा कार्ल्याला अशी खोली दाखवता येते का?

‘ही उपसंपदेची खोली’ म्हणून बोट ठेवावं असं लेणं नाही. कारण वरच्या उत्तरात आलंच: सीमा ही कायद्याने ठरलेली हद्द आहे, वास्तूचा प्रकार नव्हे. ती आखली की डोंगराची आख्खी कूसही सीमा होऊ शकते.

४. जपानमध्ये भिक्खू आधीपासून होते ना? ७५४ मध्ये नवीन काय झालं?

भिक्खू भरपूर होते. बौद्ध धम्म जपानमध्ये सहाव्या शतकातच पोचला होता. तोदाईजीच्या महाबुद्धाचा नेत्रोन्मीलन विधी ७५२ मध्ये झाला आणि मूर्तीचे डोळे रेखायला बोधिसेन हा भारतीय भिक्खू होता. मात्र पद्धतशीर उपसंपदा द्यायला लागणारे दहा अधिकारी भिक्खू देशात नव्हते. लोक बुद्धासमोर स्वतःच शपथ घेऊन शील ग्रहण करत. कित्येकजण तेवढंही न करता मुंडन करून मोकळे होत.

याला एक व्यवहारी बाजू आहे, ती विसरू नये. भिक्खूला कर आणि वेठ माफ होती. त्यामुळे डोकं भादरून स्वतःला भिक्खू म्हणवणाऱ्यांची संख्या फुगत गेली आणि सरकारी खजिन्याला ते जाणवू लागलं. नाराच्या दरबाराला विनयाचा आचार्य हवा होता तो श्रद्धेपोटी, हे खरं. पण भिक्खू कोण आणि कोण नाही याची नोंदवही हवी होती, हेही तितकंच खरं. पुढे श्रामणेर (उपसंपदेआधीचा शिकाऊ भिक्खू) होताना एक आणि उपसंपदेनंतर दुसरं, अशी दोन प्रमाणपत्रं चालू झाली.

५. गांजिन कोण होते?

जपानला पद्धतशीर उपसंपदा देणारे चिनी भिक्खू. चिनी नाव जियानझेन. जन्म ६८८, यांगचौचे. तांग काळातले विनयाचे नामांकित आचार्य. ७४२ मध्ये योएई आणि फुशो हे दोन जपानी भिक्खू त्यांच्याकडे आले आणि आमच्या देशात शील द्यायला कुणीतरी पाठवा म्हणाले. शिष्यांपैकी कुणी तयार होईना, तेव्हा पंचावन्नच्या घरातले गांजिन स्वतःच निघाले. पाच प्रयत्न फसले. कधी तक्रारीवरून धरपकड झाली, कधी जहाज फुटलं, आणि पाचव्या खेपेला, ७४८ मध्ये, वादळाने त्यांना थेट हायनान बेटावर नेऊन टाकलं. त्या फेरीत योएई वारले आणि गांजिन यांची दृष्टी गेली.

सहाव्यांदा, ७५३ मध्ये, ते परतणाऱ्या जपानी वकिलातीच्या दुसऱ्या जहाजातून निघाले आणि क्यूशूच्या दक्षिण टोकाला उतरले. मुख्य वकिलाचं पहिलं जहाज मात्र भरकटून आजच्या व्हिएतनामच्या किनाऱ्याला लागलं. ७५४ च्या सुरुवातीला गांजिन नाराला पोचले. ७६३ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं.

६. ७५४ मध्ये नेमकं काय घडलं?

त्या वर्षीच्या चौथ्या महिन्यात महाबुद्धाच्या मंदिरासमोर मातीचा तात्पुरता ओटा रचला. निवृत्त सम्राट शोमू, त्यांची राणी कोम्यो आणि गादीवर असलेली त्यांची मुलगी सम्राज्ञी कोकेन यांनी त्यावर बोधिसत्त्व-शील घेतलं. ही गृहस्थांनाही घेता येणारी शीलं आहेत. राजघराणं भिक्खू झालं असा अर्थ काढू नये. त्यांच्यामागून ४४० हून अधिक श्रामणेरांना शील दिलं गेलं. आधीच भिक्खू म्हणून मान्यता पावलेल्या ऐंशीहून अधिक जणांनी जुनं शील सोडून नव्याने उपसंपदा घेतली. वयोवृद्ध, मानमरातब असलेल्या माणसांनी पुन्हा शून्यापासून ज्येष्ठता मोजायला लावून घेणं सोपं नसतं. काहींनी आधी कडाडून विरोधही केला होता.

एका कर्मात एकाच उपाध्यायाच्या (उमेदवाराची जबाबदारी घेणाऱ्या गुरूच्या) हाताखाली जास्तीत जास्त तिघांना उपसंपदा देता येते, असा नियम आहे. त्या हिशेबाने ४४० जणांसाठी १४७ फेऱ्या होतात. एका सकाळचं काम नव्हे.

नंतर मंदिराच्या पश्चिमेला कायमचं काइदान-इन बांधायची आज्ञा झाली आणि ७५५ मध्ये ते उभं राहिलं. सम्राटाने ज्या ओट्यावर शील घेतलं होतं त्याची माती फेकली नाही. तीच उचलून नेऊन नव्या ओट्यात भरली.

७. दहाच भिक्खू का? पाच चालतात असंही वाचलं आहे.

दोन्ही बरोबर आहे. मध्यदेशात, म्हणजे गंगेच्या खोऱ्यातल्या मूळ प्रदेशात, किमान दहा. सीमावर्ती प्रदेशात पाच, पण त्यातला एक विनय जाणणारा हवा.

ही सवलत आली कुठून, हे मराठी वाचकाला आवडावं. अवंती-दक्षिणापथात, म्हणजे माळवा आणि त्याच्या खालच्या मुलखात, महाकच्चान स्थविर राहत. सोण कुटिकण्ण या उपासकाला उपसंपदा हवी होती, पण तिकडे भिक्खूच विरळ. दहाजण जमवायला तीन वर्षं लागली. पुढे सोण सावत्थीला बुद्धांना भेटायला गेला, तेव्हा महाकच्चानांनी त्याच्याबरोबर पाच विनंत्या पाठवल्या. त्यातली पहिली संख्या कमी करण्याची होती. दुसरी वहाणांची: आमच्याकडची जमीन काळी, खरबरीत आणि गुरांच्या खुरांनी खाचखळगे पडलेली आहे, तेव्हा जाड तळाच्या वहाणा घालू द्या. उन्हाळ्यात काळ्या रानातून अनवाणी चाललेल्या माणसाला ही मागणी समजावून सांगावी लागत नाही. बुद्धांनी दोन्ही मान्य केल्या.

जपानने हीच तरतूद वापरली. नारामध्ये दहा: तीन आचार्य आणि सात साक्षी. ७६१ मध्ये दूरच्या प्रांतांसाठी आणखी दोन ओटे झाले, पश्चिमेला दाझाइफूच्या कान्झेओनजीत आणि पूर्वेला शिमोत्सुकेच्या याकुशीजीत. तिथे पाच: तीन आचार्य, दोन साक्षी. नारातल्या प्रसिद्ध याकुशीजीशी शिमोत्सुकेच्या विहाराची गल्लत करू नये. तिथे आता फक्त अवशेष आहेत.

८. प्रत्यक्ष विधी कसा चालतो? काय चुकलं तर उपसंपदा रद्द ठरते?

काइदान-इनमध्ये धर्मगुप्तक या प्राचीन बौद्ध परंपरेचा विनय चालत असे, त्यात भिक्खूला २५० शीलं. मांडणी थेरवादी विनयाच्या अगदी जवळची आहे, त्यामुळे आपल्याकडे शामणेर शिबिर किंवा उपसंपदा पाहिलेल्यांना क्रम ओळखीचा वाटेल.

आधी उमेदवाराला उपाध्याय मिळायला हवा, आणि स्वतःची तीन चीवरं आणि भिक्षापात्र हवं. मग त्याला संघापासून दूर, म्हणजे दिसेल पण ऐकू येणार नाही अशा जागी उभं करतात. अनुशासक आचार्य तिथे जाऊन त्याला अडथळ्यांचे प्रश्न विचारतो. कुष्ठ, गळवं, त्वचारोग, क्षय, फेफरं यांपैकी काही आहे का? तू स्वतंत्र आहेस ना, कुणाचा दास नाहीस? कर्ज आहे का? राजाच्या चाकरीत आहेस का? आईवडिलांची परवानगी आहे का? वीस वर्षं पूर्ण झाली का? पात्र-चीवर आहे का? तुझं नाव काय, उपाध्यायांचं काय? हे बाजूला नेऊन विचारायचं कारण साधं आहे. भर संघात एकदम हे प्रश्न ऐकून उमेदवार गांगरत, लाजत, तोंडातून शब्द फुटत नसे. म्हणून आधी रंगीत तालीम.

अनुशासक परत येऊन संघाला कळवतो आणि उमेदवाराला बोलावून घेतो. उमेदवार तीनदा उपसंपदा मागतो. तेच प्रश्न पुन्हा, या वेळी सगळ्यांसमोर. मग कर्माचार्य एकदा प्रस्ताव आणि तीनदा घोषणा म्हणतो: ज्यांना मान्य आहे त्यांनी गप्प राहावं, नसेल त्यांनी बोलावं. तिसऱ्या घोषणेनंतरही शांतता राहिली की झाला भिक्खू. लगेच वेळ, ऋतू आणि सावलीची लांबी टिपून ठेवतात, कारण पुढची सगळी ज्येष्ठता त्या क्षणापासून मोजली जाते. शेवटी चार आधार (अन्न, वस्त्र, निवारा, औषध) आणि पाराजिकाचे, म्हणजे मोडले तर भिक्खूपणच जातं असे, चार नियम सांगतात.

चुका होतात त्या अशा. गणसंख्या एकाने कमी पडते, किंवा दहातला एक स्वतःच अपात्र निघतो. घोषणा प्रस्तावाच्या आधी होते, किंवा तीनऐवजी दोनदाच होते. उपाध्यायाचं नाव घ्यायचं राहतं. सीमेच्या आत कुणी भिक्खू येऊन उभा राहतो आणि कर्मात बसत नाही. वय कमी निघतं. वयाचा हिशेब गर्भापासून करायची मुभा आहे, म्हणजे जन्मापासून एकोणीस वर्षं आणि काही महिने झालेला चालू शकतो. वीसची अट राजगृहातल्या सतरा मुलांमुळे आली. त्यांना हौसेने भिक्खू करून घेतलं आणि पहाटे उठून ती ‘पेज द्या, खायला द्या’ म्हणून रडायला लागली. पात्र-चीवर उसनं आणून उपसंपदा दिली तर मात्र ती रद्द होत नाही. देणाऱ्यांना दोष लागतो.

९. ओट्याला टप्पे का असतात?

ओट्याचं शास्त्र चीनमध्ये दाओश्वान या आचार्यांनी बसवलं. त्यांनी ६६७ मध्ये चांगआनजवळ स्वतः एक ओटा बांधला आणि त्याची मापं, टप्पे, देवतांच्या जागा असं सगळं लिहून ठेवलं. गांजिन त्यांच्या शिष्यपरंपरेतले. तीन चढते टप्पे ही त्यांची मांडणी.

टप्प्यांचा उपयोग व्यवहारी आहे. आचार्य-साक्षी वर, उमेदवार पायऱ्यांनी टप्प्याटप्प्याने येणार, वाट पाहणारे खाली. कोण कर्मात आहे आणि कोण नाही, हे लांबून दिसतं. इथे प्र. २ मधली ‘सीमा’ डोळ्यांना दिसते.

१०. आजची इमारत आठव्या शतकातली आहे का?

नाही. काइदान-दो तीनदा जळलं: ११८० मध्ये ताइरा या सरदार घराण्याच्या फौजेने नारा पेटवलं तेव्हा, १४४६ मध्ये, आणि १५६७ मध्ये तोदाईजीच्या आवारातच दोन सरदारांची लढाई जुंपली तेव्हा. महाबुद्धाचं मंदिरही ११८० आणि १५६७ ला जळलं होतं. आजचं काइदान-दो १७३० च्या दशकाच्या सुरुवातीचं, एदो काळातलं आहे: चौकोनी, लाकडी, कौलारू, दक्षिणेकडून दगडी पायऱ्या चढून आत जायचं.

‘मग ते जुनं कसं?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. जागा तीच, ओटा त्याच कामाचा, भोवतीची इमारत चौथी. गावातल्या देवळाचा सभामंडप पुन्हा बांधला म्हणून देऊळ नवं झालं असं आपणही म्हणत नाही.

११. आतल्या चार मूर्ती कोणाच्या? कोणती कोणती हे कसं ओळखायचं?

चार लोकपाल, म्हणजे चार महाराज. ओट्याच्या चार कोपऱ्यांत, पायाखाली भूत तुडवलेलं. दक्षिणेकडून आत शिरल्यावर उजव्या हाताचा पुढचा जिकोकुतेन (धृतराष्ट्र, पूर्व), डाव्या हाताचा पुढचा झोचोतेन (विरूढक, दक्षिण), डावीकडे मागे कोमोकुतेन (विरूपाक्ष, पश्चिम) आणि उजवीकडे मागे तामोनतेन (वैश्रवण, उत्तर, आपल्याकडचा कुबेर). म्हणजे उजवीकडून सुरुवात करून प्रदक्षिणेच्या दिशेने गेलं की पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर असा क्रम येतो. जपानी मुलं तो ‘जि-झो-को-ता’ असा पाठ करतात. ऐकताना त्याचा अर्थ ‘जिझोची (एका बोधिसत्त्वाची) मूर्ती विकत घेतली’ असाही होतो.

हातांवरूनही ओळख पटते. जिकोकुतेनच्या डोक्यावर शिरस्त्राण आणि हातात तलवार. झोचोतेनच्या हातात भाला, तोंड उघडं, ओरडताना पकडल्यासारखं. तामोनतेनने उजव्या हाताने छोटा स्तूप वर उचललेला. आणि कोमोकुतेनच्या हातात शस्त्रच नाही. उजव्या हातात कुंचला, डाव्यात गुंडाळी.

थोडा वेळ असेल तर कोमोकुतेनसमोर थांबावं. पुढच्या दोघांचे डोळे वटारलेले आहेत, मागच्या दोघांचे बारीक झालेले. कोमोकुतेनच्या भुवया गोळा झाल्या आहेत, ओठ घट्ट मिटलेत, आणि नजर तुमच्यावर नाही; तुमच्या डोक्यावरून लांब कुठेतरी आहे. सगळा राग कपाळावरच्या दोन आठ्यांत मावलेला. शील देण्याच्या जागेवर लिहिण्याची साधनं घेतलेला रक्षक उभा असावा, हे योगायोगाने का होईना, अगदी जुळून आलं आहे (योगायोग का, ते प्र. १२ मध्ये).

१२. इमारत तीनदा जळली, मग या कच्च्या मातीच्या मूर्ती आठव्या शतकातल्या कशा?

कारण त्या मुळात इथल्या नव्हेत. या आवारातले पहिले लोकपाल धातूचे होते, ते आगीत गेले. आजच्या मूर्ती तोदाईजीच्याच दुसऱ्या एखाद्या सभागृहातून नंतर आणून बसवल्या. त्या आठव्या शतकाच्या आहेत आणि राष्ट्रीय ठेवा म्हणून घोषित आहेत.

घडण अशी: आत लाकडी सांगाडा, त्यावर गवताची दोरी गुंडाळायची, मग पेंढा कालवलेली जाडी माती, तिच्यावर बारीक माती आणि सगळ्यात वर कागदाचे तंतू मिसळलेली मऊ माती. भाजायची नाही, नुसती वाळवायची. वरून रंग आणि सोन्याच्या वर्खाच्या बारीक पट्ट्या. चिलखताच्या घड्यांत त्यांच्या खुणा अजून दिसतात. आपल्याकडे शाडूच्या मूर्तीला काथ्या किंवा कापूस का घालतात हे माहीत असलेल्याला तंतूंचं कारण लगेच कळेल: वाळताना माती आक्रसते, तंतू नसतील तर तडे जातात.

अशी मूर्ती शत्रू मानते तीन गोष्टींना: ओल, हादरा आणि हलवाहलव. आतलं लाकूड आणि बाहेरची माती दमटपणात वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि माती सुटते. भूकंपात सांगाडा लवतो, माती लवत नाही. म्हणूनच २०२० च्या मध्यापासून २०२३ पर्यंत सभागृह बंद ठेवून ते भूकंपाला तोंड देईल असं मजबूत केलं. तेवढ्या काळात या मूर्ती तोदाईजीच्या संग्रहालयात होत्या.

१३. ओट्याच्या मध्यभागी बुद्धमूर्तीऐवजी स्तूप का?

मधल्या लाकडी स्तूपात शाक्यमुनी आणि प्रभूतरत्न हे दोन बुद्ध शेजारी बसलेले आहेत. हा प्रसंग सद्धर्मपुंडरीक सूत्रातला. पूर्वीचे बुद्ध प्रभूतरत्न आपल्या स्तूपातून प्रकट होऊन शाक्यमुनींच्या वचनाला साक्ष देतात आणि त्यांना अर्धं आसन देतात. साक्ष हाच ज्या विधीचा कणा आहे, त्याच्या मध्यभागी साक्षीदार बुद्ध बसवणं चपखल आहे.

१४. भिक्खुणींची उपसंपदा इथे होत असे का?

भिक्खुणी संघाची पूर्ण उपसंपदा गांजिन यांना जपानमध्ये उभी करता आली नाही. अडचण संख्येची होती. भिक्खुणीला दोन्ही संघांसमोर जावं लागतं, आधी भिक्खुणी संघ आणि मग भिक्खू संघ. गांजिन यांच्याबरोबर आलेल्या चोवीस जणांत भिक्खुणी होत्या तीन. सीमावर्ती सवलत धरली तरी दोन कमी. धर्मगुप्तक विनयात भिक्खुणींची ३४८ शीलं आहेत. ग्रंथ आला, पण तो लागू करायला पुरेशी माणसं आली नाहीत.

१५. हिएई पर्वतावरच्या साइचोंनी वेगळा ओटा का मागितला?

साइचो स्वतः ७८५ मध्ये तोदाईजीतच उपसंपदा घेतलेले. पुढे त्यांनी तेंदाई पंथ उभा केला. त्यांचे शिष्य उपसंपदेसाठी नाराला जात आणि बरेच तिकडेच राहत. ८१८ पासून त्यांनी दरबारापाशी धोशा लावला की आमच्या भिक्खूंना २५० शीलांची गरज नाही, ब्रह्मजाल सूत्रातली दहा मुख्य आणि अठ्ठेचाळीस गौण बोधिसत्त्व-शीलं पुरेत. नाराच्या विहारांनी जोरदार विरोध केला. परवानगी मिळाली ८२२ मध्ये, साइचो वारल्यानंतर सातव्या दिवशी.

वास्तूपेक्षा विधीतला फरक मोठा आहे. तिथे दहा माणसं लागत नाहीत. शाक्यमुनी उपाध्याय, मंजुश्री कर्माचार्य आणि मैत्रेय अनुशासक, असे अदृश्य आचार्य मानतात. समोर एक आचार्य असला की झालं. नाराच्या लोकांना हे भिक्खूपण वाटेना, याचं कारण प्र. ७ आणि ८ वाचल्यावर कळेल.

१६. परंपरा मध्येच खंडित झाली तर काय? पुन्हा चीनला जायचं?

जपानमध्ये हे खरोखर घडलं. ओटा होता, विधी होत होते, पण शतकं जाता जाता शील पाळणं नावापुरतं उरलं. शील मोडलेल्या दहा भिक्खूंनी दिलेल्या उपसंपदेला अर्थ काय? १२३६ मध्ये एइसोन, काकुजो आणि आणखी दोन भिक्खूंनी तोदाईजीत बुद्धासमोर स्वतः शपथ घेऊन शील ग्रहण केलं. म्हणजे गांजिन यांनी जी पद्धत बंद करायला समुद्र ओलांडला, तीच त्यांच्याच विहारात, विनयाच्या पुनरुज्जीवनासाठी वापरली गेली. शुद्ध तांत्रिक बाजूने पाहणारा याला आजही हरकत घेईल. परिणाम मात्र भरीव झाला. तेराव्या शतकात काइदान-इन पुन्हा अभ्यासाचं केंद्र बनलं आणि ग्योनेन (१२४० ते १३२१) यांच्यासारखा विद्वान तिथे घडला.

१७. १९५६ ला नागपूरला झाली ती दीक्षा आणि ही, एकच का?

नाही, आणि ही गल्लत वारंवार होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी आणि लाखो लोकांनी घेतली ती उपासकांची धम्मदीक्षा: त्रिशरण, पंचशील आणि २२ प्रतिज्ञा. त्यासाठी दहा भिक्खू, सीमा किंवा ओटा लागत नाही. काइदान-इनमधली भिक्खूंची उपसंपदा वेगळी. शोमू सम्राटाने घेतलेलं शील गृहस्थाचं होतं, एवढ्यापुरतं साम्य दाखवता येईल, पण तीही बोधिसत्त्व-शीलं होती (प्र. ६).

१८. तोशोदाईजीतही दगडी ओट्याचा फोटो पाहिला. तोच हा का?

तो वेगळा. तोशोदाईजी हे गांजिन यांनी ७५९ मध्ये स्थापलेलं विहार नाराच्याच पश्चिम भागात आहे. तिथला ओटा दगडी आणि तीन टप्प्यांचा आहे. त्यावरची इमारत १८४८ मध्ये जळाली ती पुन्हा बांधली नाही, म्हणून उघड्यावर ओटा कसा दिसतो हे तिथेच नीट कळतं. माथ्यावरचा घुमट अलीकडच्या काळातला, सांचीच्या स्तूपाच्या धर्तीवर बसवलेला आहे. तो पाहून ‘हे तर आपलंच’ असं वाटतं ते उगाच नाही, पण त्याला आठव्या शतकातला समजू नये. वेळ असेल तर आधी हा दगडी ओटा पाहावा आणि मग तोदाईजीचा. उलट क्रमाने गेलं तर काइदान-दोमध्ये सगळं लक्ष मूर्तींवर जातं आणि आपण ओट्यावर उभे आहोत हेच विसरायला होतं.

१९. पाहायला जायचं तर काय लक्षात ठेवावं?

किनतेत्सु नारा स्थानकापासून चालत साधारण वीस मिनिटं. महाबुद्धाचं मंदिर समोर आलं की गर्दी उजवीकडे, पूर्वेच्या चढाने निगात्सु-दो या दुसऱ्या सभागृहाकडे वळते. तुम्ही डावीकडे, पश्चिमेला वळा. तिकीट वेगळं असतं. आत पादत्राणं काढायची, फोटो काढायचे नाहीत. ओट्यावर चढून मूर्तींच्या अगदी जवळून फिरता येतं. आत उजेड मंद असतो. पहिली दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहावं, मग चेहऱ्यांवरचे बारकावे दिसू लागतात. मूर्ती उंच चौथऱ्यावर नाहीत, माणसाएवढ्या आहेत, तेव्हा पाठीवरची पिशवी पुढे घ्यावी. वळताना तिचा धक्का साडेबाराशे वर्षांच्या कच्च्या मातीला लागायला नको.